बंदुकीच्या नळ्यांचे सूर : एकत्र वाजवत संगीत शिकण्याची मैहरची वाट

मध्य प्रदेशातील मैहर हे गाव बहुतेकांना दोन कारणांनी ठाऊक असते. त्रिकूट टेकडीवरील शारदादेवीचे मंदिर हे पहिले कारण. सतार आणि सरोद वाजवणाऱ्या थोर कलावंतांच्या नावाशी जोडले जाणारे ‘मैहर घराणे’ हे दुसरे. तिसरे कारण गावाबाहेर क्वचितच सांगितले जाते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी याच गावात, साथीच्या रोगात आईवडील गमावलेल्या मुलांच्या हाती वाद्ये देऊन एक वाद्यवृंद उभारला गेला. त्या मुलांना ना घराण्याचा वारसा होता, ना अक्षरओळख, ना घरी रियाज करण्याजोगी जागा. त्यांच्यासाठी एकत्र बसणे हीच शाळा होती. त्यातून उभा राहिलेला ‘मैहर वाद्यवृंद’, अर्थात लोकांच्या तोंडचा ‘मैहर बँड’, शंभर वर्षांनंतरही टिकून आहे.

काळ १९१८ च्या सुमाराचा. महायुद्ध संपत आले होते आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीने देशात हाहाकार माजवला होता. एकट्या भारतात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. मैहर हे बघेलखंडातील छोटे संस्थान. तिथले महाराज ब्रिजनाथसिंह यांनी रामपूरच्या तालमीत तयार झालेल्या एका बंगाली वादकाला दरबारात आणले होते. त्यांचे नाव अल्लाउद्दीन खाँ. पुढे सारा देश त्यांना ‘बाबा’ म्हणू लागला. पोरकी झालेली मुले रस्त्यावर आली, तेव्हा त्यांना एकत्र करून वाद्यवृंद बांधण्याचे काम बाबांनी हाती घेतले.

वाद्ये मिळेल त्या मार्गाने जमवली गेली. इसराज, सतार, व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, हार्मोनियम, तबला, ढोलक असे देशी-विदेशी मिश्रण त्यात होते. काही वाद्ये बाबांनी स्वतःच घडवली. सतार आणि बँजो यांच्या संयोगातून त्यांनी ‘सतार-बँजो’ तयार केले. मात्र सर्वांत नाव झाले ते ‘नलतरंगा’चे. संस्थानातील बंदुकांच्या लोखंडी नळ्या वेगवेगळ्या लांबीच्या कापून, त्या ओळीने मांडून, काठ्यांनी वाजवायच्या, असे हे वाद्य. जलतरंगात वाटीतील पाण्याच्या पातळीने सूर बदलतो, इथे नळीच्या लांबीने. बासरीत हवेचा स्तंभ निम्मा केला की सूर एका सप्तकाने चढतो. ठोकून वाजवायच्या नळीचे गणित वेगळे असते. ती निम्मी कापली तर सूर एक नव्हे, दोन सप्तके वर जातो. एकच सप्तक चढवायचे असेल तर मूळ लांबीच्या सुमारे ७१ टक्के लांबी ठेवावी लागते. हे कागदावर मांडून केले की कानाने, हा प्रश्न गौण आहे. नळी थोडी जरी अधिक कापली गेली तरी ती पुन्हा लांब करता येत नाही. त्यामुळे कापणाऱ्याचा कान पक्का असणे भाग होते.

या कल्पनेचे बीज बाबांच्या स्वतःच्या शिक्षणात सापडते. ब्राह्मणबाडियाजवळच्या शिवपूर गावचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले हे बालक संगीताच्या ओढीने घरातून पळाले आणि कोलकात्यात पोहोचले. तिथे नुलो गोपाल यांच्याकडे त्यांनी गायनाची, प्रामुख्याने सरगमची, वर्षानुवर्षे साधना केली. गुरू निवर्तले आणि या शिष्याने वाद्यांकडे मोर्चा वळवला. स्वामी विवेकानंदांचे नातलग अमृतलाल उर्फ हबू दत्त यांचा त्या काळी कोलकात्यात वाद्यवृंद होता, तिथे त्यांना अनेक वाद्ये हाताळायला मिळाली. पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकवणारे लोबो हे बँडमास्तर मूळचे गोव्याचे. शहनाईचे शिक्षण आणखी एका उस्तादाकडे झाले. नाट्यगृहातील वादक म्हणून नोकरीही झाली. रामपूरचे बीनकार वजीर खाँ यांच्याकडे सेनिया परंपरेची तालीम त्यांनी घेतली, ती या सगळ्यानंतर. म्हणजे ज्या कलावंताचे नाव आज एकांतातल्या कठोर रियाजाशी जोडले जाते, त्याचे कान आधी नाट्यगृहाच्या आणि बँडच्या गर्दीत तयार झाले होते. मैहरच्या चरित्रकथांत हा भाग बहुधा दोन ओळींत उरकला जातो, ते अन्यायाचे आहे.

एकाच घरात दोन शाळा

मैहरमध्ये बाबांनी दोन तऱ्हांनी शिकवले. घरात आलेल्या शिष्यांना त्यांनी गुरुकुलाच्या रीतीने घडवले. पुत्र अली अकबर, कन्या अन्नपूर्णा, १९३८ मध्ये भाऊ उदय शंकर यांची नृत्यमंडळी सोडून मैहरला आलेले रवी शंकर, नंतरच्या काळात निखिल बॅनर्जी ही त्यातली नावे. त्यांच्या वाट्याला तासन्‌तासांचा एकट्याचा रियाज, आलापाची शिस्त आणि बाबांचा प्रसिद्ध संताप आला. वृंदातल्या मुलांचा मार्ग वेगळा होता. त्यांना रचना एकत्र पाठ करायच्या होत्या, एकत्र वाजवायच्या होत्या, आणि त्यांची परीक्षा रोज शेजारी बसलेला घेत होता.

वृंदाच्या रचना लिहून दिल्या जात नसत. बाबा गाऊन किंवा वाजवून दाखवत आणि मुले ती ओळ उचलत. रागांवर आधारलेल्या गती, लोकधुना, काही पाश्चात्त्य वळणाच्या चाली असा तो साठा होता. भारतीय रागसंगीत एकट्याच्या कल्पनेने फुलते, तर वृंदात वीस जणांना एकच मींड एकाच वेळी घ्यावी लागते. एकाने गंधार थोडा उतरता लावला आणि दुसऱ्याने चढा, तर राग धूसर होतो. म्हणून वृंदासाठी रचना आधी पक्की बांधावी लागते. कुठे सगळे एका सुरात चालतील, कुठे व्हायोलिन थांबून नलतरंग बोलेल, कुठे तबला एकटा राहील, हे ठरलेले असते. रागात जागच्या जागी सुचणाऱ्या विस्ताराला इथे फारशी जागा उरत नाही. ही या पद्धतीची मर्यादा आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

तरीही या मुलांना जे मिळाले ते एकांतातल्या शिष्याला सहज मिळत नाही. एकटा शिकणारा चुकला की थांबतो, मागे जातो, ती जागा पुन्हा वाजवतो. हे चांगलेच आहे. पण त्यामुळे चुकल्यावर पुढे कसे जायचे, हे तो शिकत नाही. वृंदात लय कोणासाठी थांबत नाही. हात निसटला तर गप्प राहायचे, कान उघडे ठेवायचे आणि पुढच्या समेवर पुन्हा आत शिरायचे. पोहणे शिकवताना काठावर उभे करून हातवारे करवून घेणे आणि पाण्यात सोडणे यांत जो फरक असतो, तोच इथेही आहे.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. स्वतःचे वाद्य वाजवत असताना माणसाला बहुतेक स्वतःचेच ऐकू येते. वृंदात तसे केले तर ते लगेच उघडे पडते, कारण आपला आवाज इतरांपेक्षा मोठा झालेला असतो. किती जोरात वाजवायचे, कधी मागे सरायचे, दुसऱ्याची ओळ संपताना आपला श्वास कसा तयार ठेवायचा, हे सारे शेजाऱ्यामुळे कळते. त्याचबरोबर नवखा वादक मागे दडूनही वाजवू शकतो. पहिल्या वर्षी त्याला चारच सूर येत असतील, तर ते चार सूर येतील तिथे तो वाजवेल आणि उरलेला वेळ ऐकेल. तरीही संपूर्ण रचना त्याच्या भोवती घडत असते. एकट्याच्या तालमीत त्याला पूर्ण रचना ऐकायला मिळेपर्यंत कित्येक महिने जातात.

नदीपात्र आणि बकुळीचे झाड

महाराष्ट्रातील वाचकाला हे नवे वाटू नये. पुण्यात गणेशोत्सवाच्या आधी साधारण दोन महिने मुठेच्या पात्रात आणि मोकळ्या मैदानांवर ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. त्यात येणारी बहुसंख्य मुले-मुली पूर्वी कोणतेही वाद्य शिकलेली नसतात. त्यांना आधी ढोल मिळतो. एका हाताने टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. ताशाला वेळ लागतो, कारण पथकाची चाल ताशा ठरवतो आणि ढोल त्याच्या मागे येतात. ठेक्यांच्या ‘हातां’ची नावे आणि क्रम प्रत्येक पथकात ठरलेला असतो. एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची खूण ताशावादक देतो, टोलाचा ठण्‌कार लय धरून ठेवतो. जुन्या वादकाच्या शेजारी नवा उभा केला जातो आणि कुठलाही लेखी पाठ नसताना तो दोन महिन्यांत मिरवणुकीत उभा राहण्याइतका तयार होतो. पालखीच्या वाटेवर दिंडीत चालणारे लहान मूल गळ्यात टाळ अडकवून असेच शिकते. टाळकऱ्यांची रांग आणि मृदंगाचा ठेका त्याला पुढे नेत असतो, पावली चुकली तर मागचा-पुढचा धक्का आपोआप सांगतो.

पथकांच्या आवाजाच्या पातळीविषयी जे आक्षेप घेतले जातात ते रास्त आहेत. कान हेच ज्याचे साधन, त्याने कान सुरक्षित न ठेवणे ही विसंगती आहे. नव्या वादकांना सरावाच्या पहिल्याच दिवशी कानात बोळे घालायला शिकवणारी पथके असली, तर ती संगीतच शिकवत आहेत.

केरळात हीच रीत मोठ्या शास्त्राने बांधलेली आढळते. चेंडा शिकणारा विद्यार्थी प्रथम चेंड्याला हात लावत नाही. दगडावर चिंचेच्या लाकडाच्या काठ्यांनी त्याचा रियाज चालतो. मनगट तयार झाले की मग वाद्य. त्यानंतर मंदिरातील मेळात त्याचा प्रवेश होतो आणि तो बहुधा मागच्या रांगांतून. पंचारी मेळाची रचना पाहिली म्हणजे समूहाला धरून ठेवणारी बांधणी किती काटेकोर असू शकते ते कळते. सहा मात्रांच्या या मेळात पाच ‘काल’ असतात. पहिल्या कालाचे आवर्तन ९६ अक्षरांचे, मग ४८, २४, १२ आणि शेवटी ६. आवर्तन निम्मे होत जाते, लय चढत जाते आणि तासाभराहून अधिक चाललेली ही चढण अखेरीस एका बिंदूवर येऊन थांबते. मागच्या रांगेतले वीक्कम चेंडे आणि इलत्ताळम नावाच्या झांजा काल धरून ठेवतात, पुढच्या रांगेतले प्रमुख वादक त्यावर नक्षी काढतात. मागे उभा असलेला मुलगा वर्षानुवर्षे नुसता काल धरतो आणि पुढची नक्षी ऐकतो. पुढे जाण्याची वेळ येते तेव्हा ती नक्षी त्याच्या अंगात मुरलेली असते.

त्रिशूरच्या पूरममध्ये वडक्कुन्नाथन मंदिराच्या आवारात बकुळीच्या झाडाखाली होणारा ‘इलंजित्तरा मेळ’ हा याचा विराट नमुना. मल्याळममध्ये ‘इलंजी’ म्हणजे बकुळ. तिथे दोनशेहून अधिक वादक एकत्र येतात. इतके जण एकाच क्षणी घाव घालतात कसे, याचे उत्तर केवळ कानांत नाही. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर वेगाने जातो. म्हणजे दहा मीटर अंतरावरच्या वादकाचा घाव सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. एकत्र वाजवणाऱ्यांना २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर साधारणपणे झेपतो, त्यापुढे लय ओढली जाऊ लागते, कारण प्रत्येक जण समोरच्याची वाट पाहतो. एवढ्या लांब रांगांत केवळ ऐकून वाजवले तर मेळ मंदावत जाईल. म्हणून वादक डोळ्यांनीही वाजवतात. मध्यभागी उभ्या असलेल्या प्रमाणीची, म्हणजे प्रमुखाची, मान, खांदे आणि काठीची उचल ही सगळ्यांची घडी असते. प्रकाशाला उशीर होत नाही.

याच आकड्यांत अलीकडच्या एका अडचणीचे उत्तर आहे. २०२० च्या टाळेबंदीत देशभरातील संगीतवर्ग मोबाइलच्या पडद्यावर गेले आणि अनेक ठिकाणी आजही तिथेच आहेत. दूर गावातल्या, परदेशातल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांना त्यामुळे चांगले गुरू मिळाले, हा लाभ मोठा आहे. पण नेहमीच्या व्हिडिओ-कॉलमध्ये आवाज पोहोचायला शंभर मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक वेळ सहज लागतो. परिणामी गुरू आणि शिष्य एकत्र वाजवू शकत नाहीत. गुरूने ओळ म्हणायची, थांबायचे, मग शिष्याने म्हणायची. तबल्याचा ठेका आणि तानपुरा यंत्रातून येतात. यंत्र कधीही चुकत नाही आणि कोणाकडे पाहतही नाही. अशा रीतीने पाच वर्षे शिकलेल्या मुलाला प्रथमच जिवंत तबलजीसमोर बसवले, तर सूर उत्तम असूनही तो समेवर चाचपडतो. त्याला दोष देता येणार नाही. ते कौशल्य त्याला कोणी शिकवलेच नाही.

लोबोंचे गाव

बाबांना व्हायोलिन शिकवणारे लोबो गोव्याचे होते, हा योगायोग नव्हता. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चला जोडलेल्या ‘इश्कोल पारोकियाल’, म्हणजे पॅरिश शाळा, चालत. तिथे ‘मेस्त’ मुलांना सोल्फेज शिकवत, म्हणजे स्वरलिपी पाहून गाणे. व्हायोलिन हाती येई ते त्यानंतर, आणि लगोलग चर्चमधील गायकवृंदात, सणाच्या दिवशी वाजवायची वेळ येई. मैहरच्या अगदी उलट टोकाची ही पद्धत. तिथे कान आधी आणि कागद नाहीच, इथे कागद आधी. मात्र दोन्हीकडे विद्यार्थी पहिल्या वर्षापासून इतरांसोबत होता.

या शाळांतून निघालेले वादक संस्थानांच्या बँडांत, रेल्वेच्या वसाहतींत, हॉटेलांत आणि पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात पसरले. हिंदी चित्रपटांच्या सुवर्णकाळात संगीतकाराने हार्मोनियमवर ऐकवलेली चाल कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहून देणारे अनेक संयोजक गोमंतकीय होते. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली काही नावे. माजोर्ड्याच्या गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालणारा स्वतःचा वृंद उभा केला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. गुरूचे नाव त्यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील गाण्यात गोवले. ते गाणे देशभर वाजले, पण ते नाव कोणाचे हे फार थोड्यांना माहीत होते.

मैहरचा प्रभावही असाच न बोलता पसरला. कोलकात्याचे तिमिर बरन बाबांकडे शिकून परतले आणि त्यांनी घरातल्याच मंडळींचा वृंद बांधला, मग उदय शंकर यांच्या नृत्यमंडळीसाठी संगीत केले. १९४९ ते १९५६ या काळात रवी शंकर दिल्लीच्या आकाशवाणीत होते आणि तिथल्या ‘वाद्यवृंदा’ची उभारणी त्यांच्या हातून झाली. त्यांच्यानंतर, १९५६ पासून, बासरीवादक पन्नालाल घोष यांनी तो सांभाळला. तेही बाबांचेच शिष्य. एकांतातल्या रियाजाने घडलेले हे दोघे वाद्यवृंदाकडे इतक्या सहजतेने वळले, याचे एक कारण उघड आहे. गुरूच्या गावात एकल मैफल आणि वृंद या दोन गोष्टी परस्परविरोधी मानल्या जात नव्हत्या.

संस्थान विलीन झाल्यावर वृंदाचा आश्रय बदलला आणि तो मध्य प्रदेश शासनाकडे आला. बाबांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ६ सप्टेंबर १९७२ रोजी ते निवर्तले. मैहरमध्ये त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी समारोह होतो आणि त्यात वृंदाचे वादन होते. २०२३ मध्ये मैहर स्वतंत्र जिल्हा झाला.

मात्र आश्रय बदलला की शिकण्याची रीतही बदलते, आणि खरा पेच तिथे आहे. पहिल्या पिढीतील मुले वृंदात वाढली. त्यांच्यासाठी तेच घर होते आणि दिवसाचा मोठा भाग सरावात जात होता. शासकीय सेवेत वादक हे पद असते, पदाला वेतन असते, निवृत्तीचे वय असते. जागा रिकामी झाली की ती भरण्याची प्रक्रिया सुरू होते, तोवर जाणारा वादक निघून गेलेला असतो. ज्या परंपरेत एकही रचना कागदावरून शिकवली गेली नाही, तिच्यात जाणारा आणि येणारा यांची काही वर्षे एकत्र बैठक होणे ही चैन नाही. तीच शाळा आहे. नवखा वादक इसराजाच्या रांगेत जुन्याच्या शेजारी बसला नाही, तर रचनेची आकृती ध्वनिमुद्रणातून मिळवता येईल, पण त्या रांगेचा भाग नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे दबकतो, हे त्यातून वेगळे काढणे फार कठीण. वीस वाद्यांच्या एकत्रित आवाजातून एका इसराजाची ओळ शोधून पाहिली की हे पटेल.

स्वरलेखन करून ठेवावे, असे सुचवणारे म्हणतील आणि ते योग्यच आहे. भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीने या रचना उतरवता येतात. गोव्याच्या मेस्तांनी ते करून दाखवले आहे आणि मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांतही कागदावाचून एकही दिवस गेला नसता. फक्त लिहून ठेवलेल्या रचनेला वाजवणारा गट लागतो. आणि गटाला रोज एका ठरलेल्या वेळी एकत्र बसायला एक खोली लागते, सतरंजी लागते, उशिरा येणाऱ्याला रागावणारा कोणीतरी लागतो. देशातील बहुसंख्य शाळांत संगीताचा तास असलाच तर तो प्रार्थना आणि स्वागतगीतापुरता असतो, आणि एखाद्या शाळेत ढोल, लेझीम किंवा बँडचे पथक असेल तर ते स्वातंत्र्यदिनाच्या संचलनानंतर कपाटात जाते. पुढच्या ऑगस्टमध्ये ते बाहेर काढले जाते तेव्हा वाजवणारी मुले दहावी होऊन शाळेबाहेर पडलेली असतात, आणि नव्या मुलांपाशी शिकवायला जुने कोणी उरलेले नसते.